सातचा भोंगा आमच्या बिल्डिंगमध्येही वाजू दे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात मुलांच्या मोबाईलवर एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्या काकांनी सगळा दोष आजकालच्या आयांवर टाकलाय, की यांना स्वयंपाक उरकायचा असतो, सिरियल बघायची असते, म्हणून पोराच्या हातात मोबाईल देतात आणि मोकळ्या होतात. मी कराडला राहते, पतसंस्थेत नोकरी करते, घरात सासूबाई, नवरा, चौथीतला मुलगा आणि बालवाडीतली मुलगी. पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, पण हे राग काढायला लिहीत नाहीये. घरात जे करून बघितलं आणि आसपास जे दिसतं त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय, ते म्हणजे फक्त पोरासाठी केलेला नियम टिकत नाही, सगळ्या घरासाठी केलेला टिकतो. आई कितीही कडक असू दे, बाबा सोफ्यावर रील्स बघत बसलेत आणि आजीचा टीव्ही चालू आहे अशा घरात एकट्या पोराला "तू मोबाईल ठेव" म्हणण्यात काही दम नसतो. पोरांना ते लगेच कळतं आणि ती तसं तोंडावर बोलूनही दाखवतात.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, आमच्या जवळच याचं मोठं उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, साधारण तीन हजार वस्तीचं. करोनात शाळा बंद पडल्या, अभ्यासासाठी म्हणून पोरांच्या हातात मोबाईल आले, शाळा परत भरायला लागल्या तरी हातातले मोबाईल काही सुटेनात, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावात महिलांची ग्रामसभा झाली आणि तिथं ठरलं की भोंगा घ्यायचा. सरपंच होते विजय मोहिते. भैरवनाथाच्या देवळावर भोंगा बसवला, संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद, साडेआठला परत वाजला की मग काय ते सुरू करा. तेव्हा हे सगळ्या पेपरात आलं होतं, परदेशातल्या पत्रकारांनीसुद्धा छापलं.

पण त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती फारशी कुणी बोलत नाही. भोंगा बसवला आणि झालं असं तिथं घडलं नाही. सुरुवातीला लोकांनी मनावर घेतलं नाही, पुरुष मंडळी तर हसली. मग आशा ताई (गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या), अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, रिटायर झालेले शिक्षक असे सगळे मिळून घरोघर गेले, समजावून सांगितलं, तेव्हा ते रुळलं. आणि तिथं नुसतं पोरांनी मोबाईल ठेवा असं नाहीये, टीव्ही पण बंद आहे, म्हणजे आजीची सिरियल बंद, वडिलांच्या बातम्या बंद, काकाची क्रिकेटची मॅच बंद. दीड तास सगळं गाव एका नियमात. शेजारच्या घरातून पण आवाज येत नाही, त्यामुळं "त्यांच्याकडे चालू आहे मग आपल्याकडे का नाही" हा प्रश्नच पोराच्या तोंडात येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं पण ठराव केला होता, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद. त्यांचीही कळकळ खरी आहे, गावातली पोरं बिघडतायत हे बघवेना म्हणून केलं. पण मला वडगावची वाट जास्त पटते कारण नुसती पोरांवर बंदी घातली की पोरं ती लपून मोडतात, शेतात जाऊन, मित्राच्या घरी जाऊन, आणि मग आपल्याला कळायचं पण बंद होतं. दीड तासाची ठरलेली वेळ, आणि ती मोठ्यांना पण लागू, हे पोरं मान्य करतात. कुरकुर करतात, पण मान्य करतात.

आता आमच्या घरातलं सांगते. आमच्याकडे संध्याकाळचं चित्र सगळ्यांच्या घरी असतं तसंच होतं. मी साडेसहाला घरी येणार, आल्या आल्या कणीक, भाजी, उद्याच्या डब्याची तयारी. सात वाजले की हॉलमध्ये आईंची, म्हणजे सासूबाईंची, पहिली सिरियल, मग दुसरी, मग तिसरी, साडेनऊपर्यंत. दोन खोल्यांचा फ्लॅट, पोरानं अभ्यासाला बसायचं कुठं, तर त्याच हॉलमध्ये. पुस्तक समोर आणि डोळे टीव्हीत. हे दुकानातून येणार, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, माल पाठवणाऱ्यांचे फोन संध्याकाळीच येतात, एक फोन संपला की हात आपोआप व्हॉट्सअॅपवर, तिथून रील्सवर. आणि या सगळ्यात छोटीला भरवायचं तर तिच्या पुढ्यात मोबाईलवर कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग सांगा, यात एकट्या आईनं काय करायचं होतं?

आम्ही वडगावसारखंच ठरवलं, सात ते साडेआठ. भोंगा नाही, घरातल्या घड्याळाचा गजर लावला. मोबाईल सगळे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, आवाज चालू ठेवून. कुणाचा फोन आला तर उठून तिथं जाऊन उभ्यानं बोलायचं आणि परत तिथंच ठेवायचा. हे उभ्यानं बोलायचं फार कामाचं निघालं, कारण फोन सोफ्यावर आणला की बोलणं झाल्यावर तो परत जात नाही. यांचे दुकानाचे फोन येतात, ते घेतात, पण लोकांनाही हळूहळू कळलं की हे साडेआठनंतर नीट बोलतील, आता बरेचजण नंतरच करतात. धंदा काही बुडाला नाही.

सगळ्यात अवघड होतं ते आईंच्या सिरियलचं. त्या दिवसभर घरात असतात, छोटीला शाळेतून आणतात, जेवू घालतात, झोपवतात, त्यांच्या विरंगुळ्याचं तेवढंच एक साधन, ते आपण कुठल्या तोंडानं बंद करायचं. मी काही बोलले नव्हते, विषय यांनीच काढला. आईंनी जरा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अगं, संध्याकाळचा भाग दुसऱ्या दिवशी परत लागतो की, मी दुपारी बघीन, तेव्हा एक शाळेत असतो आणि एक झोपलेली असते. एवढंच. कधी एखाद्या सिरियलमध्ये लग्न बिग्न असलं की त्या अस्वस्थ होतात, शेजारच्या काकूंकडून आधी कळतं काय झालं ते, पण नातवासाठी त्यांनी हे सोडलं आणि घरात त्याचं वजन पडलं. पोराला मी हजारदा सांगून जे पटलं नसतं ते आजीनं टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवल्यावर पटलं. म्हणून त्या काकांना नम्रपणे सांगावंसं वाटतं की आयांना बोल लावण्याऐवजी घरातल्या मोठ्यांनी, आजोबांनी, काकांनी त्या वेळी स्वतःचा मोबाईल खाली ठेवला तर निम्मं काम तिथंच होतं.

सुरुवातीचे दिवस पोरं "कंटाळा आला, कंटाळा आला" करून डोकं खातात, हे खरं आहे आणि बऱ्याच घरात नियम इथंच मोडतो. आपल्याला वाटतं की मोबाईल काढून घेतला तर त्याच्या जागी आपण काहीतरी भारी द्यायला पाहिजे, क्लास लावायला पाहिजे, महागडे खेळ आणायला पाहिजेत. तसं काही लागत नाही. कंटाळा येऊ द्यावा. कंटाळलेलं पोर थोड्या वेळानं स्वतःच काहीतरी शोधून काढतं, आमच्याकडे जुना कॅरम निघाला, पत्त्यात भिकार-सावकार सुरू झालं, आईंनी नातीला सागरगोटे शिकवले आणि चिंचोक्यांचा पट मांडला, मुलगा यांच्या दुकानातल्या जुन्या कॅटलॉगमधली नळांची, स्क्रूची चित्रं कापून वहीत चिकटवत बसतो आणि प्रत्येकाचं नाव विचारतो. अभ्यास पण त्यातच होतो. आमच्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती आणि मग पाढे, परवचा असायचा, वेळ तीच आहे, सातच्या आसपासची, फक्त मधल्या काळात ती वेळ टीव्हीनं आणि नंतर मोबाईलनं घेतली होती. पाढे आम्ही परत सुरू केलेत, पण बळजबरीनं नाही, एकानं निमकी म्हणायची, दुसऱ्यानं चुकलं तर पकडायचं, त्यात आई मला पण पकडतात.

छोट्यांबद्दल जरा जास्त लिहायचंय कारण तिथं नुकसान मोठं आणि ते दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर अजून चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण तेच म्हणणं आहे, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाहीच, फक्त लांबच्या नातेवाईकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. आता आपल्याकडे काय होतं, सहा महिन्यांचं बाळ उष्टावण झालं की लगेच मऊ भात आणि मोबाईल दोन्ही एकदमच सुरू. मुलगी पटापट खाते म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण ती काय खातेय, पोट भरलंय का, हे तिला कळतच नाही, लक्ष सगळं कार्टूनमध्ये. आणि बोलणं शिकायचं तर पोराला समोरच्या माणसाचं तोंड दिसावं लागतं, आपण काहीतरी बोललो की ते "आं ऊं" करतं, मग आपण परत बोलतो, असं देणंघेणं व्हावं लागतं. मोबाईल नुसता बोलत राहतो, पोराचं ऐकायला थांबत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी शब्द येईनात, डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले, मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मोबाईलचाच. सगळ्याच मुलांचं कारण तेच असतं असं मी म्हणणार नाही, बोलणं उशिरा येण्याची बरीच कारणं असतात आणि ते डॉक्टरांनीच बघायला पाहिजे, पण डॉक्टर हा प्रश्न आधी विचारतात एवढं तरी लक्षात घ्यावं.

भरवताना मोबाईल सोडवायला आम्हाला बराच त्रास झाला. ती जेवायचीच नाही, दोन घास खाऊन पळायची. आईंना वाटायचं पोरगी उपाशी झोपते, त्यांचा जीव तुटायचा. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, एक वेळ कमी खाल्लं तर काही होत नाही, भूक लागली की खाईल, सगळे बसता तेव्हा तिला पण ताट द्या आणि स्वतःच्या हातानं खाऊ द्या, सांडू दे. सांडलं भरपूर. पण आता ती आमच्यात बसून खाते आणि भाजीत काय काय आहे ते विचारते.

आता मोठ्या पोरांकडे येते. आमच्या लहानपणी पण टीव्ही होता आणि आम्हाला पण ओरडा बसायचाच, मग आत्ताच एवढं काय, असं बरेच लोक म्हणतात. फरक आहे, आणि मोठा फरक आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा. अर्ध्या तासानं संपला की पाट्या यायच्या, गाणं वाजायचं, आपण उठायचो. शॉर्ट्सला आणि रील्सला शेवट नाही. एक संपायच्या आत दुसरा सुरू, बोट वर सरकवलं की पुढचा, आणि पुढचा कसा असेल ते माहीत नसतं, एखादा बेकार, एखादा मस्त, त्या मस्तच्या नादात पोर सरकवत राहतं. शिवाय आपण कुठं थांबलो, काय दोनदा बघितलं, हे सगळं ते अॅप लक्षात ठेवतं आणि तसंच अजून पुढ्यात आणून टाकतं. हे मुद्दाम असं बनवलंय, आपण जितका वेळ बघू तितक्या जाहिराती. मोठमोठ्या माणसांना त्यातून उठता येत नाही तिथं नऊ वर्षांच्या पोराला "तुला स्वतःवर कंट्रोल नाही" म्हणणं बरोबर नाही. त्याच्याशी भांडण्यापेक्षा ती वस्तू त्याच्या वाटेतून बाजूला ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे.

म्हणून मी सगळा स्क्रीन टाइम एका मापात धरत नाही. सगळ्यांनी बसून एक सिनेमा बघितला, मुलानं आजीबरोबर प्राण्यांचा कार्यक्रम बघितला आणि त्यावर दोघं बोलले, ते वेगळं. मामाला दुबईला व्हिडिओ कॉल केला, ते वेगळं. आणि एकट्यानं कोपऱ्यात बसून अंगठा सरकवणं ते वेगळं. मिनिटं मोजत बसणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे की मिनिटांच्या आधी हे बघा की पोर काय बघतंय, कुणाबरोबर बघतंय आणि त्याला शेवट आहे का.

आता खरं दुखणं, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. आम्ही घरात सात ते साडेआठ मोबाईल फळीवर ठेवला आणि बरोबर सव्वासातला शाळेच्या ग्रुपवर होमवर्क आला. मराठीचा एक फोटो, गणिताची एक पीडीएफ, इंग्रजीचा एक व्हिडिओ बघून प्रश्न सोडवा, आणि वर एक सूचना, उद्या रंगीत कागद आणावा. मग काय, मोबाईल परत पोराच्या हातात. मी हे शाळेला नाव ठेवायला लिहीत नाही, शिक्षकांना किती कामं असतात ते मला माहीत आहे, त्यांना पण वरून दहा लिंका भरायला सांगतात आणि पालकच मेसेज करून विचारतात की आज काय होमवर्क. पण करोनात जी गरज म्हणून सुरू झालेली पद्धत होती ती शाळा उघडल्यावर बंद व्हायला पाहिजे होती, ती तशीच राहिली. होमवर्क फळ्यावर लिहून पोरांनी डायरीत उतरवून घेणं यात शिक्षकांचा पण वेळ वाचतो आणि पोराला स्वतःचा अभ्यास स्वतः लक्षात ठेवायची सवय लागते.

करोनात शाळा ऑनलाइन होत्या तेव्हा केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं (आताचं शिक्षण मंत्रालय) जुलै २०२० मध्ये प्रज्ञाता नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात पूर्वप्राथमिकला दिवसात तीस मिनिटांपेक्षा जास्त नको आणि पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका घ्या असं होतं. म्हणजे शाळाच बंद आणि दुसरा मार्गच नाही अशा वेळी सुद्धा मर्यादा होती. आज शाळा सुरू आहेत, मग संध्याकाळच्या होमवर्कसाठी मोबाईल कशाला?

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात एकच स्मार्टफोन, तो नवऱ्याकडे, तो ट्रॅक्टरवर जातो. तो घरी येतो आठला, कधी नऊला. तोपर्यंत त्यांच्या मुलीला होमवर्क काय आहे हेच कळत नाही. बाप आला की फोन मुलीकडे, मग ती रात्री दहापर्यंत स्क्रीनवरचं बघून वहीत उतरवत बसते, डोळे चोळत, आणि मध्ये मध्ये भाऊ त्याच फोनवर गेम खेळायला मागतो, भांडणं होतात. त्या ताई मला विचारत होत्या, मॅडम, दुसरा फोन हप्त्यावर घेऊ का, पोरीचं नुकसान होतंय. मुलीच्या वहीत दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर त्या घरात दुसरा फोन यायची गरज नव्हती. दहा-बारा हजाराचा फोन, तोही हप्त्यावर, आणि फोन एकदा घरात आला की तो फक्त होमवर्कपुरता राहत नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

प्रथम संस्थेचा असर अहवाल ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल येतो, तो बऱ्याच वाचकांना माहीत असेल. २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात अभ्यासाचं काहीतरी त्यावर केलं होतं, आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडिया वापरला होता. पोरं अभ्यास करत नाहीत असं यातून मला म्हणायचं नाही, निम्म्याहून जास्त करतात. पण अभ्यासासाठी हातात दिलेल्या फोनमध्ये दुसरं काय काय आहे हे शाळेनं आणि आपण दोघांनी डोळे उघडे ठेवून बघायला पाहिजे.

म्हणून माझी जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना, शिक्षणाधिकाऱ्यांना आणि पालक-शिक्षक संघाच्या सभासदांना कळकळीची विनंती आहे की निदान सातवीपर्यंत होमवर्क व्हॉट्सअॅपवर पाठवणं बंद करा. ग्रुप असू दे, सुट्टीची सूचना, सहलीचा निरोप, मुलाला ताप आला तर कळवणं, त्यासाठी चांगलाच आहे, पण पोरानं सोडवायचं जे काही आहे ते डायरीत लिहून द्या. आणि पालकांना पण सांगते, आपण पण जरा सवय सोडू, पोर डायरी लिहून आणत नाही म्हणून रात्री ग्रुपवर "होमवर्क टाका प्लीज" म्हणून मागायचं बंद करू. एकदा नाही लिहून आणलं, एकदा शाळेत बोलणी बसली, की दुसऱ्यांदा पोर बरोबर लिहून आणतं.

डोळ्यांचं पण सांगितलं पाहिजे. मुलाच्या वर्गात चष्मा लागलेली पोरं आमच्या वेळेपेक्षा किती तरी जास्त दिसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जवळचं सतत बघणं कमी, मग तो मोबाईल असो की पुस्तक, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. आणि त्याहून महत्त्वाचं, दिवसाउजेडी बाहेर खेळायचं. तैवानमध्ये मुलांचा लांबचं न दिसण्याचा त्रास फार वाढला होता तेव्हा त्यांनी २०१० पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर उजेडात काढायची मोहीम घेतली, आणि त्याचा उपयोग दिसला. म्हणजे नुसता मोबाईल काढून घेऊन पोराला घरातच बसवलं तर अर्धंच झालं. आमच्याकडे शाळा सुटल्यावर पोरांना उजेड असेपर्यंत खाली सोडतो, पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात, काचा फुटायची भीती असते, वरचे आजोबा ओरडतात, पण खेळू द्यावं. रविवारी प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, नेतो, तिथं पोरं पळून पळून दमतात आणि रात्री पडल्या पडल्या झोपतात, त्या दिवशी मोबाईल कुणाला आठवत पण नाही.

फोनच्या आतल्या सोयी पण थोड्या सांगते कारण बऱ्याच आयांना त्या माहीत नसतात आणि मला पण पतसंस्थेतल्या एका पोरीनं शिकवल्या. यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करता येतं, म्हणजे एक व्हिडिओ संपला की तो थांबतो, दुसरा आपोआप लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, तिथं एकेका अॅपला वेळ लावता येते. फोनमध्ये अॅप पिन करायची सोय असते, आजीच्या हातात व्हिडिओ कॉल देऊन आपण आत गेलो तरी पोर त्याच अॅपमध्ये राहतं, बाहेर पडायला पिन लागेल असं लावून ठेवता येतं. मुलाचा वेगळा फोन असेल तर गूगलचं फॅमिली लिंक आहे, त्यात रोजचा वेळ, झोपायची वेळ, कुठलं अॅप घ्यायचं ते आई-बाबा ठरवतात. हे सगळं करावं. पण यावर विसंबून राहू नये, पोरं आपल्यापेक्षा हुशार, पिन बघून लक्षात ठेवतात, आणि मुख्य म्हणजे सेटिंग लावून आपण स्वतः रात्री बारापर्यंत फोन बघत बसलो तर त्या सेटिंगला अर्थ नाही.

काही लोकांना वाटतं सरकारनं कायदा करावा म्हणजे सुटलो. ऑस्ट्रेलियानं केलाय, १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही, आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, पालकांवर नाही. हे मला आवडलं. कंपन्यांना धरलंच पाहिजे, आपल्याकडे पण धरावं. पण अकाउंट नसलं तरी यूट्यूब लॉगिन न करता बघता येतं, आणि आपल्याकडे तर पोरं आईच्या, बापाच्या, आजोबांच्या अकाउंटवर बघतात, त्यांचं स्वतःचं अकाउंट असतंच कुठं. आपल्याकडे २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी पबजी बंद झालं, तेव्हा पण सगळे म्हणाले की चला सुटलो, पोरांनी पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी शोधलं. कायदा यावा, पण तोवर आणि त्यानंतरही संध्याकाळी सात वाजता घरात काय चालतं ते घरानंच ठरवायचंय.

आणि एकट्या घराला ते जड जातं, म्हणून आता आम्ही बिल्डिंगमध्ये विचारायला सुरुवात केलीय. आमची बिल्डिंग छोटी आहे. गणपतीच्या मीटिंगला विषय काढला तेव्हा काही जण म्हणाले आमची ड्युटी रात्रीची, काही जण म्हणाले वर्क फ्रॉम होम आहे, अमेरिकेच्या वेळेत मीटिंग असतात, हे सगळं बरोबर आहे, त्यांनी आतल्या खोलीत बसून काम करावं, कुणी त्यांच्या दारात जाऊन उभं राहणार नाही. आपण फक्त हॉलमधला टीव्ही आणि रिकामा मोबाईल म्हणतोय. तीन घरं तयार झालीत. पहिल्या मजल्यावरच्या एक रिटायर शिक्षिका म्हणाल्या, पोरांना माझ्याकडे पाठवा, मी अर्धा तास गोष्ट सांगीन, आणि सांगतायत. त्यामुळं आता शेजारच्या घरातली दोन पोरं पण येऊन बसतात, त्यांच्या आईवडिलांना अजून पटलेलं नाही तरी.

भोंग्याचा आग्रह नाही, पूर्वी बऱ्याच गावात नगरपालिकेचा भोंगा वाजायचा आणि लोक त्यावर घड्याळ लावायचे, आता सोसायटीच्या वॉचमननं बेल वाजवली तरी चालेल. पण वेळ सगळ्यांची एक पाहिजे आणि सातचीच ठेवावी असं माझं मत आहे, कारण जेवणाच्या आधीची ती वेळ सगळ्यात बिघडलेली आहे.

शेवटी आपल्या पेपरला एक मागणी. पूर्वी रविवारच्या पुरवणीत मुलांचं एक अख्खं पान यायचं, कोडं असायचं, ठिपके जोडा असायचं, एखादी छोटी गोष्ट, मुलांनी पाठवलेली चित्रं छापून यायची, नाव आणि इयत्तेसकट. आमच्या शिक्षिका बाई अजून ती जुनी कात्रणं वापरतात. ते पान परत सुरू करा, आणि जमलं तर रविवारी नको, आठवड्याच्या मधल्या वारी द्या, मंगळवारी किंवा बुधवारी, जेव्हा घरात सगळ्यात जास्त धावपळ असते. चित्रं आम्ही पोरांकडून काढून पोस्टानं पाठवू, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा असं मात्र त्यात लिहू नका.

आपली,
एक पालक, कराड